वारा समोरून असताना

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत 'हेडवे' या शब्दासमोर बहुधा एकच अर्थ दिलेला असतो : प्रगती. विद्यार्थी तो पाठ करतो, चार पर्यायांतून 'प्रोग्रेस' निवडतो आणि एक गुण मिळवतो. अडचण येते ती इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना. चोरीच्या तपासात पोलिसांनी 'हेडवे' केलेला नसतो. दोन देशांच्या वाटाघाटींत थोडासाच 'हेडवे' झालेला असतो. पण शाळेच्या निकालपत्रावर 'हेडवे रिपोर्ट' असं कधी छापलेलं दिसत नाही, तिथे 'प्रोग्रेस'च असते. रोपटं वीतभर वाढलं किंवा नोकरीत बढती मिळाली तरी कुणी 'हेडवे' म्हणत नाही.

अर्थ जर एकच, तर हा भेद कशासाठी? शब्दकोशात त्याचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं अठराव्या शतकातल्या शिडाच्या जहाजावर आहे. तिथे हा शब्द रोज वापरात होता, आणि तो जी गोष्ट सांगायचा ती दोरीने मोजता येत होती.

जहाजाच्या चार चाली

इंग्रज खलाशांच्या बोलीत 'वे' म्हणजे नुसती वाट नव्हे. पाण्यातून सरकणाऱ्या जहाजाची चाल, तिचा जोर, असाही त्याचा अर्थ होता. ही चाल कुठल्या बाजूला आहे यावरून वेगवेगळे शब्द झाले.

जहाज नाळेच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या दिशेने सरकत असेल तर तो 'हेडवे'. 'अहेड' म्हणजे पुढे. त्यातला 'अ' झिजला आणि 'हेड' उरलं. जहाज मागे सरकू लागलं तर 'स्टर्नवे', कारण 'स्टर्न' म्हणजे जहाजाचा मागचा भाग. वाऱ्याने ढकलल्यामुळे जहाज आडवं घसरू लागलं तर 'लीवे', म्हणजे ढळ. चौथा शब्द 'स्टिअरेजवे'. सुकाणू लागू पडण्यासाठी जेवढी किमान चाल हवी, तिला हे नाव.

हा चौथा शब्द नीट समजून घ्यायला हवा. सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागे पाण्यात बुडलेली एक फळी. ती नुसती वळवल्याने जहाज वळत नाही. फळीवरून पाणी वाहत असेल तरच त्या पाण्याचा दाब एका बाजूने पडतो आणि जहाजाचं तोंड फिरतं. उभ्या जहाजाचं सुकाणू कितीही फिरवलं तरी उपयोग नाही. थोडक्यात, चाल गेली की दिशा ठरवण्याची ताकदही जाते. खलाशांना हेडवेची एवढी काळजी असायची ती केवळ मुक्कामाला लवकर पोचण्यासाठी नव्हे. चाल नसलेलं जहाज त्यांच्या ताब्यातच राहत नसे.

वारा समोर, जहाजही समोर

वारा पाठीमागून असेल तर शीड फुगतं आणि जहाज पुढे जातं, हे सांगावं लागत नाही. पण शिडाची होडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेलाही जाऊ शकते. ते कसं?

थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती जाते तिरकी. वारा एका बाजूच्या समोरून येत असताना शीड अशा कोनात ताणून धरतात की वारा त्याच्यावरून वळून जातो. वाऱ्याची दिशा बदलताना शिडावर जोर पडतो. हा जोर बराचसा आडवा असतो आणि थोडासा पुढचा. होडीचा तळ सपाट असता तर ती आडवीच वाहून गेली असती. पण तळाशी लांबलचक कणा असतो, इंग्रजीत त्याला 'कील' म्हणतात. हा कणा पाण्याला आडवा अडतो; पुढे मात्र सहज सरकतो. कलिंगडाची ओली बी बोटांच्या चिमटीत दाबली की ती बाजूला जाऊ शकत नाही आणि पुढे सटकते. इथे एक बोट वाऱ्याचं आणि दुसरं पाण्याचं.

अशी तिरकी काही मैल गेली की होडी तोंड फिरवते आणि दुसऱ्या बाजूने तितकीच तिरकी जाते. या नागमोडी चालीने ती अखेर वाऱ्याच्या दिशेला वर सरकते. तोंड फिरवताना काही क्षण वारा अगदी समोर येतो आणि शीड निकामी होतं. त्या क्षणी आधी कमावलेल्या चालीच्या जोरावरच जहाज पलीकडे वळतं. चाल अपुरी पडली तर ते मध्येच अडकतं, वारा शिडांना समोरून दाबतो आणि जहाज मागे सरकू लागतं. मग पाठ फिरवून मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि कष्टाने कमावलेले मैल त्या वळशात जातात.

ढळ हिशेब बिघडवते

जुन्या जहाजांवर वर्तुळाचे 32 भाग करून दिशा सांगत. एक भाग म्हणजे सव्वा अकरा अंश. परभाणांवर म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या वाशांवर चौकोनी शिडं लावलेली मोठी युरोपीय जहाजं वाऱ्याच्या दिशेपासून साधारण सहा भागांपेक्षा, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नसत. उभ्या त्रिकोणी शिडाची होडी सुमारे 45 अंशांपर्यंत जाते.

आता वाऱ्याच्या थेट दिशेला 100 सागरी मैलांवर असलेल्या बंदरात पोचायचं आहे असं धरू. 45 अंशांनी जाणाऱ्या होडीला नागमोडी वाटेने सुमारे 141 मैल कापावे लागतात. साडेसदुसष्ट अंशांनी जाणाऱ्या जहाजाला सुमारे 261 मैल. हा हिशेब झाला ढळ शून्य धरून. प्रत्यक्षात जहाज थोडं आडवं घसरतंच. ही घसरण फक्त एका भागाची, सव्वा अकरा अंशांची असली तरी वाट जवळपास दुप्पट होते : सुमारे 513 मैल. आणि घसरण दोन भागांची झाली तर जहाजाची खरी वाट वाऱ्याशी काटकोनात येते. शिडं ताणलेली, नाळ पाणी कापते आहे, खलाशी दिवसरात्र दोर ओढताहेत. आणि वाऱ्याच्या दिशेला एक मैलही पदरात पडत नाही.

त्यातही एक दुष्टचक्र आहे. तळाचा कणा आडव्या घसरणीला अडवतो तो पाण्यातून वेगाने जाताना. चाल मंदावली की त्याची पकड सैल होते, ढळ वाढते आणि ढळ वाढली की पुढची कमाई आणखी कमी होते. समुद्र खवळला की शिडं कमी करावी लागतात, लाटा नाळेवर आदळून चाल मोडतात, त्यामुळे हे चक्र सुरू व्हायला वादळासारखी वेळ दुसरी नाही.

'बाउंटी'चा एक महिना

हा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो याचं ठळक उदाहरण म्हणजे इंग्रजांच्या आरमाराचं 'बाउंटी' हे जहाज. ताहितीहून नीरफणसाची रोपं घेऊन ती वेस्ट इंडीजला पोचवायची, या कामगिरीवर ते विल्यम ब्लाय यांच्या हाताखाली डिसेंबर 1787मध्ये इंग्लंडहून निघालं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पश्चिमेकडे पॅसिफिकमध्ये शिरायचं असा बेत होता.

केप हॉर्नच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडून येतात आणि समुद्राचा प्रवाहही पूर्वेकडे वाहतो. म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही समोरून. मार्च 1788च्या उत्तरार्धापासून सुमारे महिनाभर 'बाउंटी' बर्फ, गारा आणि वादळात झुंजत राहिलं. एक दिवस थोडं पुढे सरकायचं, पुढच्या दिवशी ते गमावायचं. अखेर 22 एप्रिलला ब्लाय यांनी जहाजाचं तोंड फिरवलं आणि पूर्वेकडून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ताहितीला जायचं ठरवलं. जवळजवळ पाऊण जगाला वळसा पडला. 26 ऑक्टोबर 1788ला जहाज ताहितीला लागलं.

त्या महिन्यात 'बाउंटी' थांबलेलं नव्हतं. शेकडो मैल चालत होतं. पश्चिमेकडे मात्र टिकणारं काही पदरात पडलं नव्हतं, आणि आजच्या 'हेडवे'मधली 'कष्ट खूप, पुढे सरकणं नाही' ही छटा अशाच सफरींची आठवण करून देते.

वारा पडल्यावर वल्ही

वारा अजिबात नसेल तर? मोठ्या शिडाच्या जहाजाची चाल संपते आणि सुकाणूही निकामी होतं. कोकण किनाऱ्यावरच्या आंग्र्यांच्या आरमाराने या दुबळेपणाचाच फायदा घेतला. ईस्ट इंडिया कंपनीचे इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी या जहाजांचं वर्णन करून ठेवलं आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं तोफांचं जहाज, आणि गलबत म्हणजे हलकं, 40-50 वल्ह्यांचं, तासाला चार मैल वल्हवता येणारं.

कंपनीच्या मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना असायच्या. त्या रोखायच्या तर जहाज वळवायला हवं, आणि वळवायचं तर चाल हवी. वारा पडला की गलबतं वल्हवत यायची, गुराबांना दोर लावून ओढत आणायची आणि शत्रूच्या जहाजाच्या मागच्या बाजूला उभं करायची. तिथून गुराबांच्या पुढच्या तोफा चालायच्या, आणि समोरचं मोठं जहाज जागच्या जागी अडकलेलं असायचं.

गाठी मारलेली दोरी

चाल आहे की नाही हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. भर समुद्रात खूण म्हणून काहीच नसतं. त्यासाठी खलाशांनी एक साधं साधन शोधलं. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने 1574च्या आपल्या नौकानयनाच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून जहाजाच्या मागे पाण्यात टाकायचा. तो पाण्यात जवळजवळ जागेवर राहतो, जहाज पुढे जातं आणि दोरी उलगडत जाते. ठरावीक वेळात किती दोरी हातातून गेली ते मोजायचं.

पुढे दोरीवर ठरावीक अंतरावर गाठी आल्या आणि हे माप पक्कं झालं : वाळूचं घड्याळ 28 सेकंदांचं आणि दोन गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच. या हिशेबात जितक्या गाठी, तितके सागरी मैल दर तासाला. सागरी मैल आज 1,852 मीटरचा धरतात. जहाजाचा वेग अजूनही 'नॉट'मध्ये म्हणजे गाठींत सांगतात तो यामुळे. त्या लाकडी तुकड्याला 'लॉग' म्हणत. त्याच्या नोंदी ज्या वहीत व्हायच्या ती लॉगबुक.

या दोरीत एक उणीव होती. ती पाण्याच्या तुलनेत चाल मोजायची, जमिनीच्या तुलनेत नव्हे. जहाज पाण्यातून पाच नॉटने पुढे जातं आहे आणि प्रवाह पाच नॉटने उलटा वाहतो आहे, तर दोरी पाचच सांगणार. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला मात्र जहाज जागच्या जागी दिसणार.

धुक्यातले भोंगे

शिडं गेली, इंजिनं आली, पण चाल आहे की नाही हा भेद आजही सागरी कायद्यात आहे. समुद्रात टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972मध्ये ठरले आणि 1977पासून लागू झाले. त्यात 'अंडर वे' आणि 'मेकिंग वे' या दोन वेगळ्या स्थिती आहेत. जहाज नांगरलेलं नाही, धक्क्याला बांधलेलं नाही आणि गाळात रुतलेलं नाही, तर ते 'अंडर वे'. मग ते इंजिन बंद करून नुसतं तरंगत का असेना. 'मेकिंग वे' म्हणायला ते प्रत्यक्ष पाण्यातून पुढे जात असलं पाहिजे.

धुक्यात हा फरक कानाने ओळखायचा असतो. इंजिनाचं जहाज चालत असेल तर त्याने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा. सुटं आहे पण चाल नाही, तर दोन लांब भोंगे, मध्ये साधारण दोन सेकंद थांबून. लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. मासेमारी करणाऱ्या जहाजाने तर चाल असतानाच बाजूचे आणि मागचे दिवे लावायचे, एरवी नाही.

समुद्रावरून जमिनीवर

अठराव्या शतकातच हा शब्द जमिनीवर आला आणि कुठल्याही कामाच्या पुढे सरकण्यासाठी वापरला जाऊ लागला. समोरचा वारा मात्र त्याने सोडला नाही. म्हणूनच 'मेक हेडवे' हा वाक्प्रचार तिथे शोभतो, जिथे काहीतरी अडवतं आहे : पुरावा मिळत नाही, समोरचा पक्ष हटत नाही, रोग औषधाला दाद देत नाही. रोपटं वाढतं तेव्हा त्याला कुणी अडवत नसतं, म्हणून तिथे तो चालत नाही.

इंग्रजीत तो पुष्कळदा नकारासोबत किंवा 'थोडा' अशा विशेषणासोबत येतो : 'नो हेडवे', 'लिटल हेडवे', 'सम हेडवे'. एखाद्या बाबतीत पुढे सरकलं तर पुढे 'इन' किंवा 'ऑन', एखाद्या व्यक्तीपाशी किंवा कामात असेल तर 'विथ', आणि विरोधाला तोंड देत असेल तर 'अगेन्स्ट'. अमेरिकेच्या जुन्या बातम्यांत आगही 'हेडवे' मिळवत असे. बंब पोचण्याआधी आगीने जोर धरला, असा त्याचा अर्थ.

जवळच्या शब्दांशी त्याची गल्लत होते. 'ब्रेकथ्रू' म्हणजे अडलेलं एका झटक्यात मोकळं होणं. हेडवे कणाकणाने होतो. 'गेट अंडर वे' म्हणजे नुसती सुरुवात होणं. बैठक सुरू झाली की ती 'अंडर वे' असते, तिच्यातून काही निष्पन्न होवो वा न होवो. 'ग्रेट स्ट्राइड्स' म्हणजे लांब ढांगा. तिथे अडथळ्यापेक्षा वेगावर भर असतो. मराठीत 'मोठी मजल मारली' हे त्याच्या जवळचं. 'हेडवे'साठी मराठीत 'गाडं पुढे सरकलं' हे अधिक बरोबर बसतं, कारण गाडं रुततं हे त्यात गृहीत आहे. बातमीतल्या 'नो हेडवे'साठी 'तपास पुढे सरकेना' एवढं पुरतं.

त्याचा भाऊ 'लीवे' मात्र दोन वाटांनी गेला. 'मेक अप लीवे' म्हणजे मागे पडलेलं भरून काढणं. हा अर्थ खलाशांच्या जवळचा. दुसरा अर्थ आहे सवलत, मोकळीक. आडवं घसरायला पुरेशी जागा ठेवायची सवय यामागे आहे. वरिष्ठांनी कामात 'लीवे' दिला असं कार्यालयात म्हणतात तो हा.

चौकट : थोडक्यात

• 'मेक हेडवे' : अडथळा असूनही हळूहळू पुढे सरकणं.
• क्रियापद 'मेक', कधी 'गेन'. 'डू हेडवे' असं होत नाही.
• या अर्थी शब्द मोजता येत नाही. आधी 'अ' नाही, अनेकवचन नाही.
• 'अंडर वे' : सुरू झालेलं. 'हेडवे' : सुरू होऊन पुढे सरकलेलं.
• 'लीवे' : मूळ अर्थ आडवी घसरण, आज बहुधा सवलत, मोकळीक.

लोकलचा हेडवे

रेल्वेच्या अभियंत्यांनी हाच शब्द वेगळ्या अर्थाने घेतला. त्यांच्या भाषेत 'हेडवे' म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर, बहुधा मिनिटांत मोजलेलं. इथे तो मोजता येतो आणि त्याच्या आधी 'अ'ही लागतो. तीन मिनिटांचा हेडवे म्हणजे एका मार्गावरून एका दिशेला तासाला 20 गाड्या, दोन मिनिटांचा म्हणजे 30.

मुंबईच्या लोकलसारख्या गजबजलेल्या सेवेत हा आकडा कमी करणं सोपं नसतं. पुढची गाडी अचानक थांबली तर मागच्या गाडीला ब्रेक लावून थांबायला जेवढं अंतर लागतं, तेवढं मध्ये मोकळं ठेवावंच लागतं. जुन्या सिग्नल पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात, आणि पुढची गाडी तुकड्यातून पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागची आत येऊ शकत नाही. फलाटावर चढण्या-उतरण्यात जाणारे सेकंदही याच हिशेबात धरतात. दादरसारख्या स्थानकात ते आपोआप वाढतात. गाडीचं नेमकं ठिकाण रेडिओवरून सतत कळवणाऱ्या नव्या सिग्नल यंत्रणेत तुकड्यांचं बंधन सुटतं आणि गाड्या अधिक जवळ-जवळ चालवता येतात. त्यामुळे मेट्रोच्या किंवा लोकलच्या बातमीत 'हेडवे कमी झाला' असं वाचायला मिळालं, तर काम रखडलं असा त्याचा अर्थ नसतो. फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहण्याची मिनिटं घटलेली असतात.